गव्हाचा गोड लादीपाव

गव्हाचा गोड लादीपाव हा अख्ख्या गव्हाच्या पिठापासून, गूळ व दूध घालून आणि यीस्टने फुगवून घरी भाजला जाणारा पावाचा प्रकार आहे. कणकेचे लहान गोळे एकमेकांना चिकटतील असे भांड्यात रचून भाजतात. त्यामुळे तयार पाव सुरीने न कापता हाताने एकेक मोडून खाता येतो. बेकरीतील गोड बनपावात मैदा, साखर व वनस्पती तूप यांचे प्रमाण बरेच असते; त्याला पर्याय म्हणून हा पाव केला जातो. मात्र त्याची पौष्टिकता केवळ साखरेऐवजी गूळ वापरल्याने वाढत नाही. पिठातील कोंडा, गोडीचे एकूण प्रमाण आणि एका वेळी खाल्लेल्या पावांची संख्या या तीन गोष्टींवर ती अवलंबून असते.

नाव व पूर्वपीठिका

'पाव' हा शब्द पोर्तुगीज भाषेतील 'पाँव' या शब्दावरून मराठीत आला. पायाने मळतात म्हणून पाव, ही लोकप्रिय व्युत्पत्ती निराधार आहे. 'लादी' म्हणजे फरशीचा चौकोनी दगड. एकत्र चिकटलेल्या पावांचा चौकोनी संच तसा दिसतो, म्हणून त्याला लादी म्हणतात.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर यीस्टचा पाव गोव्यात आला. यीस्ट सहज मिळत नसल्याने तेथील पोदेर, म्हणजे पाव भाजणारे कारागीर, कणीक आंबवण्यासाठी माडाची ताडी वापरत. पुढे गोव्यातील कारागीर व इराणी बेकरीवाले यांच्यामुळे पाव मुंबईत रुजला आणि तेथून महाराष्ट्रभर पसरला. गोव्यातील कोंडायुक्त 'पोई' हे दाखवून देते की पाव मैद्याचाच असला पाहिजे, असे नाही.

गहू, गूळ व दूध यांचा मेळ महाराष्ट्रात पावाहून जुना आहे. प्रवासाच्या शिदोरीत दिली जाणारी गुळाची दशमी दुधात भिजवलेल्या कणकेचीच असते. गोड लादीपावात तेच घटक असतात. फरक आंबवण्याचा आणि भाजण्याचा आहे.

हाताने तोडून खाण्याचे गोड पाव इतर देशांतही आढळतात. हंगेरीतील 'अरनीगालुश्का' हा लोणी, साखर व अक्रोड यांत घोळवलेल्या गोळ्यांचा पदार्थ आहे. जपानी भाषेत अशा पावाला 'चिगिरी पान', म्हणजे तोडून खाण्याचा पाव, असे नाव आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील घटक

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांना प्रवरा व मुळा या नद्यांच्या कालव्यांचे पाणी मिळते. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. या बागायती पट्ट्यात रब्बी हंगामात गहू आणि वर्षभर ऊस घेतला जातो. जामखेड, कर्जत, पाथर्डी या दक्षिणेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांत रब्बी ज्वारीचे महत्त्व अधिक आहे.

राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना १९६८ मध्ये झाली. त्याच्या नाशिक जिल्ह्यातील निफाड येथील संशोधन केंद्रातून त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, फुले समाधान यांसारखे सरबती गव्हाचे वाण प्रसारित झाले आहेत. यीस्टच्या पावासाठी सरबती गहू योग्य ठरतो. बन्सी व खपली गव्हात प्रथिने भरपूर असली तरी त्यांच्या कणकेत ताण कमी असतो. त्यामुळे ते शेवया, रवा, लापशी यांसाठी अधिक उपयोगी पडतात.

लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्यात १९५० मध्ये साखर उत्पादन सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून तो उभा राहिला. हा जिल्हा गुळापेक्षा साखरेसाठी अधिक ओळखला जातो. महाराष्ट्रात गुळासाठी कोल्हापूर प्रसिद्ध असून कोल्हापुरी गुळाला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे.

साहित्य

बारा लहान पावांच्या एका लादीसाठी पुढील प्रमाण पुरते:

- न चाळलेले गव्हाचे पीठ – ३०० ग्रॅम
- पाणी – १२५ मिलिलिटर
- कोमट दूध – ११० मिलिलिटर
- किसलेला गूळ – ४५ ग्रॅम
- साजूक तूप – २० ग्रॅम
- कोरडे यीस्ट – ५ ग्रॅम
- मीठ – ५ ग्रॅम
- वेलदोड्याची किंवा सुंठीची पूड – अर्धा चमचा
- वरून लावण्यासाठी थोडे दूध व तीळ

ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसते. त्यामुळे एकूण पिठाच्या पाचव्या भागापर्यंतच ते मिसळतात. त्याहून अधिक घातल्यास पाव फुगत नाही आणि त्याचा भुगा होतो.

कृती

खळ: ३०० ग्रॅमपैकी २५ ग्रॅम पीठ सर्व पाण्यात कालवून मंद आचेवर सतत ढवळतात. ते साधारण ६५ अंश सेल्सिअसला दाट होते. पतंग किंवा कागद चिकटवण्यासाठी करतात तशी ही खळ असते. शिजलेले पिष्ट पाणी धरून ठेवते, म्हणून कोंड्याचे पीठ असूनही आणि तूप कमी असूनही पाव मऊ राहतो. खळ पूर्ण निवल्यावरच वापरतात.

मळणे: गूळ कोमट दुधात विरघळवून गाळून घेतात. त्यात यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवल्यावर फेस आला नाही, तर यीस्ट निकामी झाले असे समजावे. दूध बोटाला सोसेल इतकेच कोमट असावे. साधारण ५५ अंशांच्या पुढे यीस्ट मरते. उरलेले पीठ, खळ व दुधाचे मिश्रण एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवतात. या काळात कोंडा भिजून नरम होतो. कोरड्या कोंड्याच्या कडा ग्लुटेनचे धागे तोडतात. अख्ख्या गव्हाचा पाव दडस होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. नंतर मीठ, वेलदोडा व तूप घालून दहा ते बारा मिनिटे मळतात. ही कणीक पोळीच्या कणकेपेक्षा सैल व किंचित चिकट असते. गिरणीच्या दगडी जात्यावर दळलेले पीठ पाणी जास्त शोषते. गरज भासल्यास दोन-तीन चमचे दूध वाढवावे. हाताला चिकटते म्हणून कोरडे पीठ घालत राहिल्यास पाव घट्ट होतो.

फुगवणे: कणीक झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवतात. उन्हाळ्यात यास सुमारे एक तास, तर थंडीत दोन तास किंवा अधिक वेळ लागतो. घड्याळापेक्षा कणकेच्या आकाराकडे लक्ष द्यावे. यीस्ट निम्मे करून कणीक रात्रभर फ्रिजमध्येही फुगवता येते. दीर्घ आंबवणीमुळे स्वाद वाढतो. गव्हातील फायटिक आम्ल लोह, जस्त यांसारख्या खनिजांच्या शोषणात अडथळा आणते. आंबवणीने त्याचे प्रमाण घटते.

रचणे: कणकेतील हवा हलक्या हाताने दाबून काढतात व बारा समान गोळे करतात. तूप लावलेल्या २० सेंटिमीटर चौरस भांड्यात त्यांच्या चार-चार गोळ्यांच्या तीन ओळी, मध्ये बोटभर अंतर ठेवून मांडतात. ३० ते ४५ मिनिटांत गोळे फुगून एकमेकांना टेकतात. मग वरून दूध लावून तीळ भुरभुरतात.

भाजणे: आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसला २५ ते ३० मिनिटे लागतात. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईत किंवा जुन्या कुकरमध्ये जाळी ठेवून, पाणी न घालता, दहा मिनिटे तापवून मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटे भाजतात. कुकर वापरताना रबरी कडे व शिट्टी काढून ठेवणे अनिवार्य आहे. या पद्धतीत पावाचा वरचा भाग फिका राहतो. गूळ व दूध यांमुळे पाव लवकर तांबूस होतो. त्यामुळे केवळ रंगावरून तो शिजल्याचे मानू नये. पालथा करून तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की पाव झाला. तो निवल्यावरच मोडावा. गरम असताना आतील भाग गिजगोळा लागतो.

पोषणमूल्य

भारतीय अन्नघटक तक्त्यांनुसार (२०१७) १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात सुमारे ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, तर मैद्यात ३ ग्रॅमांहून कमी. वरील प्रमाणाने केलेल्या एका पावात अंदाजे ११५ किलोकॅलरी, ३ ग्रॅम प्रथिने व पावणेतीन ग्रॅम तंतुमय पदार्थ येतात. पीठ चाळून कोंडा टाकून दिल्यास हा लाभ बराचसा गमावला जातो.

गुळात लोह व अन्य खनिजे अल्प प्रमाणात असतात. पण त्याचा मुख्य घटक साखरच आहे आणि त्यापासून मिळणारी ऊर्जा जवळपास साखरेइतकीच असते. हीच बाब काकवी व मधाला लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार मुक्त शर्करेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ती ५ टक्क्यांखाली ठेवणे अधिक हितकारक आहे. प्रौढ व्यक्तीसाठी ५ टक्के म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम. वरील एका पावात गूळ पावणेचार ग्रॅम येतो. 'गूळ पौष्टिक' या समजुतीने तो दुप्पट घातल्यास या पावाचा हेतूच हरवतो.

मधुमेह असलेल्यांसाठी हा पाव निर्धोक ठरत नाही. बारीक दळलेल्या अख्ख्या गव्हाचा पावही रक्तातील साखर झपाट्याने वाढवू शकतो. त्यांनी प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे व पाव दूध, डाळ किंवा उसळ यांसोबत खावा. ग्लुटेन न सोसणाऱ्या सीलियाक रुग्णांनी तो पूर्णतः वर्ज्य करावा. गुळाऐवजी मध वापरल्यास एक वर्षाखालील बालकांना हा पाव देऊ नये.

बाजारातील पाव व घरचा पाव

कणीक सुधारण्यासाठी वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने संभाव्य कर्ककारक ठरवले आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली. खाद्यतेल व वनस्पती तूप यांतील ट्रान्स मेदाची कमाल मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्के करण्यात आली. यामुळे बेकरीतील प्रत्येक पाव अपायकारक ठरत नाही. वेष्टनावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. यादीत मैदा पहिला असेल, तर पावाचा तपकिरी रंग हा अख्ख्या गव्हाचा पुरावा नव्हे. तो रंगद्रव्याचाही असू शकतो.

टिकाऊपणा

संरक्षक द्रव्ये नसल्याने हा पाव उन्हाळ्यात एक दिवस, हिवाळ्यात दोन दिवस टिकतो. फ्रिजच्या नेहमीच्या कप्प्यात पिष्टाची पुनर्रचना वेगाने होऊन पाव लवकर शिळवटतो. अधिक दिवस ठेवायचा असल्यास हवाबंद पिशवीत बर्फाच्या कप्प्यात ठेवावा व लागतील तेवढेच पाव वाफेवर किंवा तव्यावर झाकण ठेवून गरम करावेत. एका पावावर बुरशी दिसल्यास चिकटलेली संपूर्ण लादी टाकून द्यावी, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसणाऱ्या भागापलीकडे पसरलेले असतात.