बांग्गाईचा कार्डिनल मासा

सेलेबिस, म्हणजे आजचें सुलावेसी, या बेटाच्या पूर्वेस बांग्गाई नांवाचा लहानसा द्वीपसमूह आहे. तेथील उथळ समुद्रांत कार्डिनल कुळांतील एक बोटभर मासा राहतो. रुपेरी अंगावर तीन काळे पट्टे, पंखांवर शुभ्र ठिपके आणि खोल दुभंगलेली शेपटी. एकदां पाहिलेला मासा पुन्हां ओळखूं येणार नाहीं, असें नाहीं. तरीहि शास्त्राच्या आठवणींतून तो साठ वर्षें निसटला होता.

स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ वॉल्टर काउडर्न यांनीं १९२० सालीं तो गोळा केला. १९३३ मध्यें लायडेनच्या कूमान्स यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध करून त्यास काउडर्न यांचेंच नांव दिलें. त्यानंतर तो जणूं ग्रंथापुरताच उरला. १९९४ सालीं मत्स्यशास्त्रज्ञ जेराल्ड अ‍ॅलन यांस लुवुक बंदरांत तो आढळला, व पुढल्याच वर्षीं त्याची वार्ता छापून आली. शास्त्रज्ञांचें कौतुक ओसरतें न ओसरतें तोंच व्यापाऱ्यांची मागणी येऊन थडकली! २००१ च्या सुमारास काचेच्या पेट्यांतील शोभेसाठीं वर्षाला सहा-सात लक्ष मासे धरले जात होते.

त्यास धरणें सोपें आहे, आणि आमच्या मतें सारें दुःख त्यांतच आहे. काळ्या, लांब कांट्यांच्या समुद्रसाळूंभोंवतीं तो थव्यानें राहतो व भय वाटतांच त्या कांट्यांत शिरतो. दूर पळत नाहीं. लहानशा जाळ्यानें थवाच्या थवा हातीं लागतो. याचा संसारहि तसाच घरकोंबडा. मादीनें घातलेलीं अंडीं नर तोंडांत घेतो. सुमारें वीस दिवसांनीं पिलें बाहेर पडतात, परंतु आणखी दहाएक दिवस तीं बापाच्या तोंडांतच वाढतात. तितके दिवस बाप उपाशी! इतर बहुतेक प्रवाळमाशांचीं पिलें प्रवाहाबरोबर दूरवर जातात, याचीं जन्मस्थळींच राहतात. म्हणून एका किनाऱ्यावरील थवा उपसला, तर शेजारून ती जागा सहसा भरून येत नाहीं.

२००७ सालीं त्याची गणना संकटग्रस्त जातींत झाली. त्याच वर्षीं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण घालण्याचा ठराव अमेरिकेनें हेग येथील परिषदेंत मांडला, पण इंडोनेशियाच्या विरोधामुळें तो मागें घेण्यांत आला. मध्यंतरीं व्यापाऱ्यांच्या हातून सुटलेले कांहीं मासे सुलावेसीच्या उत्तर टोंकाशीं, लेंबेहच्या सामुद्रधुनींत, पाण्यांत पडले. मायभूमीपासून शेंकडों मैल दूर तेथें त्यांचे थवे आज चांगले माजले आहेत.