शाफहाउझेन : खेद आणि भरपाई

१ एप्रिल १९४४ रोजी सकाळी अकराच्या सुमारास अमेरिकन बॉम्बफेकी विमानांनी स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन या नगरावर बॉम्बवर्षाव केला. त्यांचे नियोजित लक्ष्य जर्मनीतील लुड्‌विग्सहाफेन येथील रासायनिक कारखाने हे होते, आणि ते तेथून दोनशेहून अधिक किलोमीटर उत्तरेस होते. ढगाळ हवा, अनपेक्षित वेगाचे वारे आणि बिघडलेले रडार यांमुळे विमाने भरकटली. शाफहाउझेन ऱ्हाईनच्या उत्तर तीरावर, म्हणजे नकाशात जर्मन वाटणाऱ्या बाजूस वसलेले आहे, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. भोंगे वाजत असतानाही पुष्कळ नागरिक आश्रयस्थानी गेले नाहीत. तटस्थ देशातील इशाऱ्यांची त्यांना सवय झाली होती. चाळीस माणसे मृत्यू पावली. टोबियास श्टिमर या तेथीलच चित्रकाराची चित्रेही संग्रहालयात नष्ट झाली.

यानंतर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनी तीव्र खेद प्रकट केला. 'खेद' आणि 'माफी' यांतील अंतर भाषेच्या अभ्यासकाला विशेष विचारात घ्यावे लागते. माफी मागणारा आपला अपराध मान्य करतो. खेद वाटणाऱ्याला केवळ घडलेल्या गोष्टीचे वाईट वाटते, ती कोणाच्या दोषाने घडली हे त्यास सांगावे लागत नाही. आपली 'दिलगिरी' या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभी आहे. म्हणूनच ती कचेरीच्या पत्रव्यवहारात इतकी लोकप्रिय असावी! परंतु या प्रकरणी शब्दांमागोमाग द्रव्यही आले: १९४४ च्या ऑक्टोबरपर्यंत चाळीस लक्ष डॉलर अमेरिकेने दिले.

तथापि चूक थांबली नाही. २२ फेब्रुवारी १९४५ रोजी श्टाईन आम ऱ्हाईन आणि राफ्‌त्स येथे, तर ४ मार्चला बाझल व झुरिक येथे बॉम्ब पडले. एकदा व्यक्त केलेला खेद दुसऱ्या वेळी तितका खरा वाटत नाही. तेव्हा जनरल स्पाट्झ यांना स्वतः बर्नला जावे लागले आणि सरहद्दीलगतच्या हल्ल्यांवर कडक बंधने आली. झुरिकच्या हल्ल्याबद्दल वैमानिकांवर इंग्लंडमध्ये लष्करी न्यायालयात खटला चालला; अध्यक्षस्थानी चित्रपटनट जेम्स स्टुअर्ट होते. आरोपी निर्दोष ठरले.

युद्धकाळातील एकंदर हानीच्या दाव्यांचा निकाल २१ ऑक्टोबर १९४९ रोजी लागला. अमेरिकेने व्याजासह सुमारे ६ कोटी २२ लक्ष स्विस फ्रँक देण्याचे मान्य केले.