समुद्रकाकडीचें आंतडें



भिंतीवरील पालीचें शेपूट तुटतें आणि पुन्हां वाढतें, हें आपणांपैकीं प्रत्येकानें पाहिलें आहे. शेपटावांचून पालीचें फारसें अडत नाहीं, म्हणून त्याचें आपणांस नवलही वाटत नाहीं. परंतु एखाद्या प्राण्यानें आपलें आंतडेंच शरीराबाहेर टाकून द्यावें, कांहीं आठवडे उपाशी राहावें आणि नवें आंतडें तयार झाल्यावर पुन्हां चरूं लागावें, असें कोणीं सांगितलें तर आपण ती पुराणांतील कथा समजूं. असा प्राणी समुद्रांत खरोखरच आहे. काकडीसारख्या आकारामुळें त्यास समुद्रकाकडी म्हणतात. नातेपुतें समुद्रापासून पुष्कळ दूर. आमचा पाण्याशीं संबंध विहिरीपुरता आणि नीरेच्या कालव्यापुरता. तथापि ज्या शोधांच्या मालिकेंतून या प्राण्याचें रहस्य उलगडलें, तिचा एक धागा सातारच्या नद्यांशीं आणि पुण्याशीं जुळलेला आहे.

तुटलेला अवयव पुन्हां येतो, ही गोष्ट कोळ्यांस फार पूर्वींपासून ठाऊक होती. विद्वानांस ती खरी वाटत नव्हती. १७१२ सालीं फ्रान्समधील रेओम्यूर यानें गोड्या पाण्यांतील नांगीवाल्या झिंग्यांवर प्रयोग करून त्यांचे तुटलेले पाय पुन्हां उगवतात, हें दाखवून दिलें. यानंतर १७४० सालीं हॉलंडांत ट्रेम्ब्ले नांवाच्या शिक्षकानें त्याहून मोठा शोध लाविला. हेग शहराजवळ तो एका सरदाराच्या दोन मुलांस शिकवीत असे. तेथील डबक्यांतून आणलेल्या पाण्यांत त्यास हिरवा, दोऱ्यासारखा एक जीव दिसला. ही वनस्पति कीं प्राणी, हें ठरविण्यासाठीं त्यानें त्याचे दोन तुकडे केले. कांहीं दिवसांतच दोन्ही तुकड्यांचे दोन पूर्ण जीव झाले. हाच हायड्रा. हायड्राचें शरीर म्हणजे केवळ एक पोटाची पिशवी आणि तोंडाभोंवतीं कांहीं धागे. तेव्हां पोट पुन्हां निर्माण होऊं शकतें, याचा पहिला पुरावा जगास एका मास्तराच्या चौकसपणामुळें मिळाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. १७६८ सालीं इटलींतील स्पालान्झानी यानें गोगलगाय व सॅलॅमँडर यांच्या ठिकाणींही अशी शक्ति असल्याचें प्रसिद्ध केलें.

समुद्रकाकडीची पाळी पुढील शतकांत आली. स्कॉटलंडमधील सर जॉन डॅलिएल हे समुद्रांतील प्राणी घरीं बरण्यांत पाळून त्यांची दीर्घकाळ टिपणें ठेवीत. समुद्रकाकडी आपलें आंतडें व इतर अवयव टाकून देते आणि कांहीं महिन्यांत ते सर्व पुन्हां मिळविते, हें त्यांनीं पाहिलें. त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १८५१ सालीं प्रसिद्ध झाला.

आतां ही क्रिया घडते कशी, तें पाहूं. समुद्रकाकडी ही तारामाशाची नातलग. बहुतेक जाती तळाची वाळू गिळून तींतील सेंद्रिय कण पचवितात व वाळू बाहेर टाकतात. शत्रूनें छेडलें किंवा पाणी तापलें, बिघडलें, म्हणजे तिच्या शरीरांतील बांधणारे तंतु एकाएकीं सैल पडतात, अंगाचे स्नायु जोरानें आंवळले जातात आणि आंतडें तुटून बाहेर पडतें. कांहीं जातींत तें गुदद्वारानें, तर कांहींत तोंडाच्या बाजूनें निघतें. शत्रु त्या गुंत्यांत अडकतो, तों ही निसटते. परंतु आंतड्यास शरीराच्या भिंतीशीं जोडणारा पातळ पडदा आंतच राहतो. या पडद्याची मोकळी कड जाड होऊं लागते. तेथील स्नायूंच्या पेशी आपलें आकुंचनाचें सामान टाकून पुन्हां जणूं बाल्यावस्थेंत जातात. एक कोंब तोंडाकडून, दुसरा शेपटाकडून, असे दोन कोंब त्या कडेनें एकमेकांकडे वाढत येतात. ते मिळाले कीं नळी अखंड होते. ज्या जातींचा विशेष अभ्यास झाला आहे, त्यांत हें काम सुमारें महिन्याभरांत उरकतें.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. प्राध्यापक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ सालीं मालवण येथें झाला. तरुणपणीं त्यांनीं सातारच्या बाजूस, सह्याद्रींतून वाहणाऱ्या नद्यांत, गोड्या पाण्यांत राहणारा जेलीमासा शोधून काढला. त्या कुळांतील प्राणी तोंपर्यंत केवळ आफ्रिकेंत ठाऊक होते. हा जीव हायड्राचाच भाऊबंद. याच आघारकरांच्या नेतृत्वाखालीं १९४६ सालीं पुण्यास एक विज्ञानसंस्था स्थापन झाली व १९९२ पासून ती त्यांच्या नांवानें ओळखली जाते. त्या संस्थेंत डॉ. सुरेंद्र घासकडबी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हायड्राच्या पुनरुत्पत्तीवर दीर्घकाळ संशोधन केलें आणि २०११ सालीं पुण्याकडील हायड्राची शास्त्रीय ओळख जगापुढें मांडली. ट्रेम्ब्लेनें विचारलेला प्रश्न याप्रमाणें मुळा-मुठेच्या कांठीं येऊन पोंचला.

या प्रश्नाचें मोल केवळ कुतूहलापुरतें नाहीं. आपल्या आंतड्याचें आंतील अस्तर थोड्या थोड्या दिवसांनीं नवें होतें. परंतु शस्त्रक्रियेंत कापून काढलेला आंतड्याचा भाग पुन्हां वाढत नाहीं. आंतडें आखूड झालेल्या रोग्यास पोषण मिळणें कठीण होतें. २०१५ सालीं इस्राएलमधील संशोधकांनीं एका समुद्री पिचकारीविषयीं लिहिलें. हा पिशवीसारखा, खडकास चिकटून राहणारा जीव टाकलेलें आंतडें बारा दिवसांत परत मिळवितो; आणि तो पाठीच्या कण्याच्या प्राण्यांचा समुद्रकाकडीपेक्षां जवळचा नातलग आहे. म्हणून वैद्यकाचें लक्ष इकडे लागलें आहे.

परंतु या कथेस दुसरी बाजू आहे. चीनमध्यें वाळविलेल्या समुद्रकाकडीस फार किंमत येते, आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून हा व्यापार शतकानुशतकें चालत आला होता. तेथील कोळी तिला 'कडल अट्टै', म्हणजे समुद्रजळू, म्हणतात. पोट काढून, उकळून, वाळवून ती परदेशीं जाई. माल इतका उपसला गेला कीं २००१ सालीं सरकारनें वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत तिचा समावेश करून पकडण्यास पूर्ण बंदी केली. त्यामुळें पिढ्यान्‌पिढ्या पाण्यांत बुडी मारून पोट भरणाऱ्या कुटुंबांचा धंदा बुडाला, आणि चोरटा व्यापारही थांबला नाहीं. पलीकडे श्रीलंकेंत तोच धंदा परवान्यानें चालतो, हें पाहून त्या कोळ्यांस अधिकच दुःख होतें. तुतिकोरिनच्या संशोधकांनीं १९८८ सालींच समुद्रकाकडीची पिलें टाक्यांत वाढवून दाखविलीं होतीं. अशी पिलें समुद्रांत सोडून, कोळ्यांसच त्यांचे राखणदार करून, प्राणी व माणूस या दोघांचेंही पोट राखतां येईल काय, हा विचार झाला पाहिजे.

माशाच्या तोंडीं आंतडें देऊन प्राण वांचविण्याची युक्ति निसर्गानें या जीवास दिली. व्यापाऱ्याच्या उकळत्या कढईपुढें ती चालत नाहीं. गेलेलें आंतडें तो परत आणतो. गेलेली जात परत आणण्याची विद्या त्याच्यापाशीं नाहीं, आणि आपणांपाशींही नाहीं.