स्नायूचा विद्युत्-आलेख: बळ, थकवा आणि हालचाल

त्वचेवर दोन इलेक्ट्रोड चिकटवून स्नायू आवळायला सांगितले, की पडद्यावर दाट रेघांचा एक पट्टा उमटतो. पट्टा रुंदावला म्हणजे बळ वाढले, अरुंद झाला म्हणजे बळ ओसरले, असा त्याचा सरळ अर्थ लावण्याचा मोह फार होतो. व्यायामाविषयीच्या लेखांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत हा अर्थ गृहीत धरूनच पुढची मांडणी केलेली दिसते. वस्तुतः सरफेस ईएमजी हे तंत्र वीज मोजते, आणि तेवढेच मोजते. बळ आणि थकवा ही त्या विजेवरून काढलेली अनुमाने असतात. अनुमान काढायला हरकत नाही, पण प्रत्येक अनुमानाच्या अटी आहेत. त्या अटी पाळल्या तर हे तंत्र अतिशय उपयोगी ठरते. पाळल्या नाहीत तर नेमक्या उलट निष्कर्षाला नेते.

वीज कुठून येते

मज्जारज्जूतली एक चेतापेशी आणि तिच्या हुकमतीतले सगळे स्नायुतंतू मिळून एक मोटर युनिट होते. ही संज्ञा लिडेल आणि शेरिंग्टन यांनी १९२५ मध्ये रूढ केली. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका युनिटमध्ये मोजकेच तंतू असतात, पोटरीच्या स्नायूत हजाराहून जास्त. चेतापेशीचा आवेग तंतूच्या साधारण मध्यावर पोचतो आणि तिथून तंतूच्या पटलावरून दोन्ही टोकांकडे सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने धावतो. इलेक्ट्रोड टिपतात ते हे धावणे. त्यानंतर तंतूच्या आत कॅल्शियम सुटते, अ‍ॅक्टिन आणि मायोसिन एकमेकांना ओढतात आणि ताण तयार होतो. म्हणून वीज आधी दिसते आणि बळ काही दशक मिलिसेकंदांनी मागाहून येते. वीज ही पटलावरची घटना आणि बळ ही तंतूच्या आतली. या दोहोंमधला दुवा ढिला होऊ शकतो, हे लक्षात ठेवले की पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

माणसाच्या ऐच्छिक आकुंचनाची वीज पहिल्यांदा नोंदवली ती एमिल द्यू ब्वा-रेमाँ यांनी, १८४९ मध्ये. त्वचेचा रोध इतका आडवा येत होता, की हातावर फोड आणून त्यांनी तिथली कातडी काढली आणि उघड्या जागेवर इलेक्ट्रोड टेकवले. आज तेच काम केस काढून, त्वचा हलकेच घासून आणि स्पिरिटने पुसून होते. पण त्वचेखालची चरबी काही पुसता येत नाही. चरबीचा थर सिग्नल क्षीण करतो आणि त्यातली उच्च वारंवारता विशेषकरून खातो. त्यामुळे दोन माणसांच्या दंडांवर मिळालेले मायक्रोव्होल्ट जसेच्या तसे शेजारी मांडून तुलना करणे चूकच आहे.

इलेक्ट्रोडची जागा तर सगळ्यांत महत्त्वाची. दंडाच्या बायसेप्सचे उदाहरण घ्या. खांद्याच्या वरच्या हाडापासून कोपराच्या आतल्या खळगीपर्यंत रेघ आखायची. खळगीपासून एक तृतीयांश अंतरावर, तंतूंच्या दिशेने, केंद्रांमध्ये २० मिलिमीटर अंतर ठेवून दोन इलेक्ट्रोड लावायचे. संदर्भाचा इलेक्ट्रोड मनगटावर. युरोपात १९९६ ते १९९९ या काळात चाललेल्या सेनियाम प्रकल्पाने असे संकेत स्नायूगणिक ठरवून दिले. बायसेप्सचा फुगवटा तर रेघेच्या मध्यावर असतो, मग इलेक्ट्रोड तिथेच का नाही लावायचे? कारण आवेगांचा उगम त्याच भागात आहे. उगमाच्या दोन्ही अंगांना सारखाच आवेग निघतो, यंत्र दोन इलेक्ट्रोडांमधला फरक घेते आणि फरक जवळजवळ शून्यावर येतो. स्नायू पूर्ण ताकदीने काम करत असतानाही आलेख मलूल दिसतो. इलेक्ट्रोड सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकला तरी आकडा लक्षणीय बदलतो, तो यामुळेच.

विजेच्या घरगुती पुरवठ्याची गुणगुणही इथेच सांगून टाकतो. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची आहे आणि स्नायूच्या सिग्नलची बरीचशी शक्ती ५० ते १५० हर्ट्झमध्ये असते. फिल्टर लावून ५० हर्ट्झ कापणे सोपे असते, पण त्याबरोबर स्नायूचा सिग्नलही कापला जातो. त्वचा नीट तयार करणे, तारा आखूड आणि पक्क्या बांधणे, संदर्भाचा इलेक्ट्रोड घट्ट लावणे हाच खरा उपाय. २० हर्ट्झच्या खालचा भाग बहुधा तारांच्या हेलकाव्यांचा असतो, तो काढून टाकावा. वरची मर्यादा ५०० हर्ट्झच्या आसपास ठेवावी आणि सेकंदाला किमान १००० नमुने घ्यावेत.

बळाचे अनुमान

बळ वाढवण्याचे चेतासंस्थेकडे दोन मार्ग आहेत: आणखी युनिटे कामाला लावणे, किंवा लावलेल्या युनिटांना जास्त वेळा आवेग पाठवणे. युनिटे लहानापासून मोठ्याकडे ठराविक क्रमाने कामाला लागतात, हे हेनेमन आणि सहकाऱ्यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून १९६५ पर्यंत पक्के केले. पण दोन मार्गांचे मिश्रण स्नायूगणिक वेगळे असते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या छोट्या स्नायूत कमाल बळाच्या निम्म्यापर्यंतच जवळपास सगळी युनिटे लागून जातात. बायसेप्समध्ये नवी युनिटे ८० टक्क्यांच्या आसपासपर्यंत येतच राहतात. म्हणून पहिल्यात वीज आणि बळ यांचा संबंध साधारण सरळ रेषेचा दिसतो, तर दुसऱ्यात रेघ वर वळते.

लिपोल्ड यांनी १९५२ मध्ये पोटरीच्या स्नायूंवर सरळ रेषेचा संबंध दाखवला. तो प्रयोग वारंवार उद्धृत होतो, मात्र त्याच्या अटी मागे पडतात: सांधा स्थिर, स्नायूची लांबी तीच, स्नायू ताजा, इलेक्ट्रोड जागचे न हललेले. दोनच वर्षांनी बिगलँड आणि लिपोल्ड यांनी सांधा हलू दिला, तेव्हा चित्र पालटले. तेवढाच ताण निर्माण करायला आखडत जाणाऱ्या स्नायूला जास्त वीज लागते, लांबत जाणाऱ्याला कमी. जिना किंवा डोंगर उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत शरीराचे वजन पेलतो. आलेख शांत दिसतो, गुडघ्याच्या कंडरेवरचा ताण मात्र शांत नसतो. केवळ आलेख पाहून उतरणे हा गुडघ्याला हलका व्यायाम ठरवणारा माणूस रुग्णाचे नुकसान करील.

आणखी एक अडचण गणिती आहे. प्रत्येक युनिटच्या लहरीला धन आणि ऋण असे दोन्ही भाग असतात. शेकडो युनिटे एकाच वेळी चालू असली, की तळ्यात शेजारीशेजारी पडलेल्या खड्यांच्या लाटांसारखे एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या खळग्यांत जिरतात. बळ जितके जास्त तितके हे जिरणे जास्त. शिवाय शेजारच्या स्नायूचा सिग्नल त्वचेवरून ओघळत येतो. आणि बायसेप्ससोबत मागचा ट्रायसेप्सही ओढत असेल, तर कोपरावरचे बळ ही दोघांच्या ओढीची वजाबाकी असते.

माणसामाणसांतली तुलना शक्य व्हावी म्हणून आकडा कमाल ऐच्छिक आकुंचनाच्या टक्केवारीत मांडतात. निरोगी तरुणांवर हे बऱ्यापैकी चालते. पण गुडघा दुखणारी व्यक्ती भीतीपोटी आणि वेदनेपोटी पूर्ण जोर लावतच नाही. तिचे कमाल हे खरे कमाल नसते. भाजक लहान झाला, की टक्केवारी फुगते आणि चालताना स्नायू जणू जिवाच्या आकांताने काम करतोय असे वाटू लागते. दुखऱ्या सांध्यावर ही पद्धत डोळे मिटून वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वांना झेपेल असा एक ठरलेला हलका भार संदर्भ म्हणून घेणे जास्त प्रामाणिक आहे.

थकव्याचे अनुमान

थकवा म्हणजे बळ निर्माण करण्याची क्षमता घटणे. ती पहिल्या काही सेकंदांतच घटू लागते. काम चालू ठेवता येते, म्हणून ती नजरेला पडत नाही. हे दडलेले घटणे विजेत दिसते, हेच ईएमजीचे मोठे आकर्षण. दीर्घ आकुंचनात लहरी संथ होत जातात असे हान्स पायपर यांनी १९१२ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले होते.

कोपर काटकोनात ठेवून कमाल बळाच्या निम्मे बळ टिकवायला सांगा. हात जागचा हलत नाही, बळमापकाचा काटाही स्थिर. पण आलेखात दोन बदल सुरू होतात: पट्टा रुंद होतो आणि मध्यक वारंवारता, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंना सिग्नलची निम्मी-निम्मी शक्ती असते ती, खाली घसरत जाते. कारण असे. जोरकस आकुंचनाने स्नायूतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. तंतूंबाहेर पोटॅशियम साचते, आत आम्लता वाढते, आणि पटलावरून धावणाऱ्या आवेगाचा वेग मंदावतो. मंद आवेग इलेक्ट्रोडखालून जायला जास्त वेळ घेतो, लहर पसरट होते, वारंवारता उतरते. पसरट लहरी चरबीतून कमी घट होऊन बाहेर येतात, त्यात थकलेल्या युनिटांना हातभार लावायला नवी युनिटे येतात, आणि पट्टा रुंदावतो.

म्हणजे बळ तसूभरही न वाढता वीज वाढली. एडवर्ड्स आणि लिपोल्ड यांनी १९५६ मध्ये थकलेल्या स्नायूत तेवढ्याच बळाला जास्त वीज लागते हे मोजून दाखवले. आता त्याच माणसाला निम्मे नव्हे, तर सुरुवातीपासून पूर्ण बळ लावायला सांगा. राखीव युनिटे उरलेलीच नाहीत; बळ घसरते, आवेगांची गती घटते आणि पट्टा अरुंद होतो. थकवा दोन्ही प्रयोगांत आहे, आलेखाची दिशा मात्र परस्परविरुद्ध. भार किती होता हे ठाऊक नसेल, तर पट्ट्याच्या रुंदीवरून थकव्याबद्दल काहीच बोलता येत नाही.

वारंवारतेचा निकष अधिक भरवशाचा आहे, पण तोही पुरता नाही. विश्रांती मिळताच रक्त धावते आणि काही मिनिटांत मध्यक वारंवारता पूर्ववत होते. बळ मात्र तेवढ्यात परतलेले असतेच असे नाही. एडवर्ड्स, हिल, जोन्स आणि मर्टन यांनी १९७७ मध्ये दाखवले, की जड कामानंतर कमी वारंवारतेच्या उद्दीपनाला स्नायू तासन्‌तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, दुबळा प्रतिसाद देत राहतो. बिघाड आत, कॅल्शियम सुटण्याच्या पायरीवर असतो. पटल तोवर सावरलेले असते. इलेक्ट्रोड पटलाची बातमी देतात, त्यामुळे आलेख म्हणतो स्नायू ताजा आहे. कामगाराला विश्रांती किती द्यायची किंवा खेळाडूला पुन्हा कधी मैदानात उतरवायचे, हे या एका निकषावर ठरवणे धोक्याचे आहे.

शिलाई यंत्रावर किंवा संगणकावर दिवसभर बसणाऱ्यांच्या खांद्याचे स्नायू कमाल बळाच्या जेमतेम काही टक्क्यांवर काम करतात. तिथे वारंवारता पुष्कळदा हलतच नाही. रक्तपुरवठा चालू असतो, स्नायू थोडा गरम होतो आणि उष्णतेने आवेगाचा वेग उलट वाढतो. तरी खांदे दुखतात. हेग यांनी १९९१ मध्ये मांडलेले सिंड्रेला गृहीतक सांगते, की सर्वांत आधी कामाला लागणारी छोटी युनिटेच सर्वांत शेवटी सुटतात. भार हलका असला तरी त्यांची सुटका होत नाही. अशा कामात वारंवारतेपेक्षा आलेखातल्या रिकाम्या जागा पाहाव्यात: स्नायू क्षणभर तरी पूर्ण गप्प बसतो का, आणि तासात किती वेळा.

दमणारा कोण, स्नायू की मेंदूची आज्ञा, याचे उत्तर नुसत्या ईएमजीत नसते. मर्टन यांनी १९५४ मध्ये पूर्ण जोर लावलेला असतानाच चेतेला विजेचा एक झटका देण्याची युक्ती केली. त्यावर जादा उसळी आली, तर आज्ञाच अपुरी होती.

हालचालीचा अभ्यास

स्नायू कधी सुरू झाला आणि कधी थांबला, या प्रश्नावर हे तंत्र सर्वाधिक खरे उतरते. चालताना टाच टेकते तेव्हा नडगीपुढचा स्नायू पाऊल आपटू न देता अलगद खाली आणतो, मग पोटरी शरीर पुढे ढकलते, आणि पाय हवेत असताना पुन्हा नडगीपुढचा स्नायू बोटे उचलून धरतो. पक्षाघातानंतर हा क्रम कुठे बिघडला हे आलेखात स्वच्छ दिसते. सुरुवातीचा क्षण कसा ठरवला, तेवढे सांगायला हवे. उंबरठा बदलला की क्षणही सरकतो. आणि हालचालीत त्वचेखाली स्नायू सरकत असल्याने, वारंवारतेवरून थकवा काढायचाच तर प्रत्येक पावलाचा तोच कोन, तोच टप्पा घ्यावा.

फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी १९५५ मध्ये नोंदवलेले एक निरीक्षण प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः करून पाहावे. कंबरेच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड लावा आणि सरळ उभ्या माणसाला हळूहळू पुढे वाकायला सांगा. पाठीच्या स्नायूंची वीज आधी वाढते आणि पूर्ण वाकल्यावर जवळजवळ बंद पडते. धडाचे सगळे वजन लटकत असते, पण ते आता अस्थिबंध आणि ताणलेल्या ऊती पेलतात. विजेविना ताण असतो, तो असा. जुनाट कंबरदुखीच्या पुष्कळ रुग्णांत ही शांतता येतच नाही.

विजेवर चालणारे कृत्रिम हात १९४० च्या दशकापासून विकसित होत आले, ते स्नायूची आज्ञा वाचण्यापुरते ईएमजी वापरतात. उरलेल्या स्नायूने बळ किती लावले याची त्यांना गरज नसते. तंत्राची ताकद त्यांनी अचूक ओळखली. आता इलेक्ट्रोडांची दाट जाळी लावून एकेका युनिटचे आवेग वेगळे काढता येतात. स्थिर आकुंचनात, पातळ त्वचेखालच्या स्नायूंवर ते चांगले जमते.

प्रबंध लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती: इलेक्ट्रोडची जागा, त्यांच्यातले अंतर, सांध्याचा कोन, आकुंचनाचा प्रकार, फिल्टरच्या मर्यादा आणि टक्केवारीचा भाजक हे सर्व लिहा. वाचणाऱ्यांनीही आधी ही माहिती शोधावी आणि ती दिलेली नसेल, तर त्या आकड्यांची दुसऱ्या कुठल्याही अभ्यासाशी तुलना करू नये.