जव्हार-मोखाडा परिसरातील आदिवासी व्यक्तिनामे

जव्हार-मोखाडा परिसरातील आदिवासी व्यक्तिनामे म्हणजे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत व लगतच्या भागात राहणाऱ्या आदिवासी समाजांतील व्यक्तींची नावे व ती ठेवण्याची पद्धत होय. जन्माचा वार, नवस, भावंडांतील क्रम किंवा अपत्याविषयीची माया व भीती यांवरून ठेवलेली सोमा, सुकऱ्या, नवशा, बारकू, लाडक्या, भिकल्या यांसारखी नावे येथे पूर्वी सर्रास आढळत. दोन ते तीन पिढ्यांच्या काळात त्यांची जागा आधी देवादिकांच्या नावांनी व नंतर राज्यभर प्रचलित असलेल्या आधुनिक नावांनी घेतली. एकेकाळची सामान्य नावे त्यामुळे दुर्मीळ झाली असून ती आज बहुधा मधल्या नावात, म्हणजे वडिलांच्या नावाच्या जागी, दिसतात.

पार्श्वभूमी

जव्हार व मोखाडा हे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील डोंगराळ तालुके आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात होते. येथील लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, क-ठाकूर, म-ठाकूर व कातकरी हे येथील प्रमुख समाज होत. या समाजांच्या बोली व चालीरीती एकसारख्या नाहीत. तरीही खाली वर्णिलेली नामपद्धती त्यांच्यापैकी अनेकांत थोड्याफार फरकाने दिसते आणि तिचे काही प्रकार उर्वरित ग्रामीण महाराष्ट्रातही आढळतात.

जुन्या नावांचे प्रकार

वारांवरून पडलेली नावे : मूल ज्या वारी जन्मले त्या वारावरून नाव ठेवण्याची रीत सर्वांत परिचित आहे. सोमवारी जन्मलेला मुलगा सोमा व मुलगी सोमी, मंगळवारचा मंगळ्या व मंगळी, बुधवारचा बुध्या व बुधी, शुक्रवारचा सुकऱ्या किंवा सुकर व सुकरी अशी ही नावे होत. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या वडिलांच्या नावात, तसेच २००९ मध्ये पालघर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आलेले बळीराम सुकूर जाधव यांच्या मधल्या नावात या रीतीची खूण दिसते.

क्रम व आकार दर्शविणारी नावे : जेठ्या (थोरला), लहानू व बारकू (धाकटा, लहान) ही या प्रकारातील नावे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी वारल्यांच्या उठावाच्या काळात तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात मारले गेलेले जेठ्या गांगड, १९७७ मध्ये डहाणू मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले लहानू शिडवा कोम आणि त्याच भागाचे दीर्घकाळ प्रतिनिधित्व करणारे दामोदर बारकू शिंगडा यांच्या नावांत ती आढळतात.

नवसाची व संरक्षक नावे : नवसाने झालेल्या मुलाला नवशा व मुलीला नवशी म्हणतात. आधीची मुले दगावली असल्यास पुढच्या मुलाला मुद्दाम हलक्या अर्थाचे नाव ठेवण्याची प्रथा आहे. भिकल्या म्हणजे भीक मागून मिळालेला. असे मूल आपले नव्हेच असे भासविले, की त्याला दृष्ट लागत नाही किंवा मृत्यूची नजर त्याच्याकडे वळत नाही, ही त्यामागील समजूत होय. मराठीतील भिकाजी, धोंडू, दगडू व केरू ही नावेही याच कल्पनेतून आलेली आहेत. ज्या भागात बालमृत्यू फार, तेथे अशा नावांना केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारता येत नाही. त्यांत त्या कुटुंबाच्या दुःखाची नोंद असते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील कुपोषणामुळे झालेल्या बालमृत्यूंनी राज्याचे लक्ष वेधले होते.

मायेची नावे : लाडक्या व लाडकी ही नावे वरील प्रकाराच्या अगदी उलट आहेत. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या नावात हे दोन्ही प्रकार शेजारी आलेले दिसतात. त्यांना २०२६ साली पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

‘-या’ प्रत्यय

जिव्या, जेठ्या, भिकल्या, लाडक्या या नावांच्या शेवटी येणारा ‘-या’ स्थानिक बोलींमध्ये पुरुषनामाचा साधा प्रत्यय आहे. प्रमाण मराठीत मात्र हाच प्रत्यय सलगी किंवा तुच्छता दाखवितो. ‘राम’ या नावाचे ‘राम्या’ होते ते रागाच्या किंवा लहान लेखण्याच्या वेळी. त्यामुळे घरी सन्मानाने वापरलेले पूर्ण नाव बाहेरच्या माणसाला अर्धवट किंवा हिणकस वाटते. जमीनदार, सावकार आणि पुढे कचेरीतील कारकून यांच्या तोंडी या नावांना जो सूर चिकटला, तो नव्या पिढीने ही नावे टाळण्याचे एक महत्त्वाचे कारण मानता येईल.

संस्थानिकांची राजनामे

जव्हार ही १९४८ पर्यंत मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होती. हे घराणे महादेव कोळी समाजाचे. घराण्याचा मूळ पुरुष जयबा मुकणे मानला जातो. त्याच्या मुलाला १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाकडून ‘निमशाह’ हा किताब मिळाल्याचे घराण्याचा इतिहास सांगतो. पुढे ‘शाह’ हे पद राजनामांचा भाग झाले आणि पतंगशाह, कृष्णशाह व विक्रमशाह ही नावे आलटून पालटून येत राहिली. शेवटचे अधिपती यशवंतराव मुकणे हे पाचवे पतंगशाह होत. ही राजनामे प्रजेत रूढ झाली नाहीत. ती विक्रमगड हे गाव व जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय यांच्या रूपाने स्थळनामांत उरली आहेत.

पिढ्यांनुसार बदल

महाराष्ट्रात पूर्ण नावात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव हा क्रम रूढ असल्याने एकाच कुटुंबातील नावांचा बदल सहज दिसून येतो. जिल्ह्यातील सार्वजनिक जीवनात परिचित असलेल्या तीन कुटुंबांची उदाहरणे पुढीलप्रमाणे :

- म्हसे (चित्रकार) : सोमा – जिव्या – सदाशिव व बाळू
- वनगा (लोकप्रतिनिधी) : नवशा – चिंतामण – श्रीनिवास
- सवरा (लोकप्रतिनिधी) : रामा – विष्णू – हेमंत

पहिल्या दोन कुटुंबांत वार व नवस यांवरून सुरुवात होऊन नावे सदाशिव, चिंतामण व श्रीनिवास अशा संस्कृत देवनामांकडे वळलेली आहेत. तिसऱ्यात देवनामाकडून हेमंत या ऋतुवाचक, धर्माशी थेट संबंध नसलेल्या नावाकडे प्रवास झाला आहे. जव्हार व मोखाडा तालुके ज्या विक्रमगड विधानसभा मतदारसंघात येतात, त्याचे प्रतिनिधित्व विष्णू सवरा यांनी केले होते.

शाळा व शासकीय नोंदी

या बदलात शाळेचा वाटा मोठा आहे. प्राथमिक शाळा व आश्रमशाळा यांच्या दाखल-खारीज नोंदवहीत मुलाचे नाव प्रथमच लिहिले जाई. तेव्हा बाहेरून आलेले शिक्षक ते नाव कानाला वाटेल तसे किंवा ‘शुद्ध’ करून लिहीत. घरचे एक व शाळेचे दुसरे अशी दोन नावे घेऊन वावरणारी माणसे त्यामुळे या भागात अपरिचित नाहीत.

नावांतील तफावतीचे परिणाम गंभीर असू शकतात. महाराष्ट्रात जातीचे प्रमाणपत्र व त्याची पडताळणी २००० च्या अधिनियमानुसार होते आणि अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी अर्जदाराबरोबर वडील व आजोबा यांचे शालेय किंवा महसुली पुरावे पाहिले जातात. आजोबांची नोंद एका कागदावर ‘सुकर’, दुसऱ्यावर ‘सुक्र्या’ व तिसऱ्यावर ‘शुक्र’ अशी असेल, तर ती एकच व्यक्ती असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी नातवावर येते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे, सातबारा उतारा, शिधापत्रिका व आधार यांबाबतही हीच अडचण उद्भवते. प्रौढ व्यक्तीला राज्य शासनाच्या राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलता येते. दिवंगत आजोबांच्या जुन्या नोंदींना मात्र या मार्गाचा उपयोग होत नाही.

आधुनिक नावे

घरी सुईणीच्या हातून होणारी बाळंतपणे कमी होऊन ती आरोग्य केंद्रांत व रुग्णालयांत होऊ लागल्यावर नाव ठेवण्याच्या वेळेतही फरक पडला. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार नावाशिवायही जन्माची नोंद करता येते. त्यानंतर १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क व पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव दाखल करता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशासह अनेक कामांना जन्मदाखला हाच पुरावा झाला आहे. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने ही नोंद वेळेवर होणे विशेष महत्त्वाचे ठरते.

नव्या नावांचा उगम दूरचित्रवाणी, चित्रपट, पाठ्यपुस्तके व मोबाइल यांत आहे. राज्यभर लोकप्रिय झालेली आरव, विहान, स्वरा यांसारखी नावे त्यांच्या नादामुळे आवडतात. आरव म्हणजे ध्वनी व विहान म्हणजे पहाट, हे अर्थ शोधून सांगावे लागतात. सोमा किंवा लहानू यांचा अर्थ मात्र ऐकणाऱ्याला आपसूक कळे. दुसरीकडे, नव्या नावामुळे मुलाची जमात किंवा आर्थिक स्थिती नावावरून ओळखली जात नाही. तालुक्याबाहेर शिकायला वा नोकरीला जाणाऱ्यांना हा फायदा वाटतो.

राज्यात नामांतराची मोठी मोहीमही झाली आहे. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये ‘नकुशी’ हे नाव असलेल्या २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. मात्र नकुशी आणि भिकल्या यांत मूलभूत फरक आहे. पहिले नाव मूल नको असल्याचे सांगते, तर दुसरे ते जगावे म्हणून ठेवलेले असते.

स्त्रियांची नावे

सोमी, बुधी, सुकरी, नवशी ही जुनी स्त्रीनामे पुरुषनामांपेक्षा लवकर विस्मरणात जाण्याचा संभव होता, कारण मधल्या नावाच्या जागी केवळ वडिलांचे किंवा पतीचे नाव लिहिले जाई. राज्य शासनाच्या मार्च २०२४ मधील निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदींत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव हा क्रम अनिवार्य आहे. त्यामुळे या भागातील मातांची नावेही पुढील पिढीच्या कागदपत्रांत प्रथमच नियमितपणे राहतील.

हे सुद्धा पहा

- वारली
- जव्हार संस्थान
- जिव्या सोमा म्हसे
- तारपा
- पालघर जिल्हा