किनाऱ्यावरचे बिऱ्हाड : गोव्यातील स्वस्त आणि लांबलेल्या मुक्कामांचा इतिहास

गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या गावात एखादी खोली महिन्याच्या बोलीने घ्यायची आणि दोघांनी तिथे बेताच्या खर्चात दोन-तीन महिने काढायचे, ही रीत साधारणपणे हिप्पींच्या नावावर जमा केली जाते. प्रत्यक्षात हिप्पी आले तेव्हा किनाऱ्यावरच्या घरांना हंगामी बिऱ्हाडकरूंची सवय आधीच होती. परदेशी पाहुण्यांनी ही रीत घडवली नाही. ती लांबवली, तिचा हंगाम बदलला आणि पुढे तिचे भावही बदलले.

जुन्या गोव्यात एप्रिल-मे महिन्यांत समुद्राकाठी बिऱ्हाड हलवण्याला ‘मुदांस’ म्हणत. सासष्टीतली, विशेषतः मडगावची खाऊनपिऊन सुखी कुटुंबे कोलवा आणि बाणावलीला जात, बार्देशातली कळंगुटला. भांडीकुंडी, तांदूळ, लोणची आणि अंथरुणे बैलगाडीत घालून निघायचे, कोळ्याचे किंवा रेंदेराचे, म्हणजे माडी काढणाऱ्याचे, घर किंवा त्याचा अर्धा भाग भाड्याने घ्यायचा आणि तीन-चार आठवडे राहायचे. घरमालकाचे कुटुंब तेवढ्या दिवसांपुरते मागच्या पडवीत सरकत असे. हेतू मौजेचा कमी आणि प्रकृतीचा जास्त होता. खाऱ्या पाण्याच्या आंघोळीने सांधेदुखी आणि त्वचेचे विकार बरे होतात, अशी पक्की समजूत होती. पहिला पाऊस पडण्याआधी परत फिरायचे, कारण पावसाळ्याची बेगमी, म्हणजे पुरुमेंत, घरी भरायची असे. श्रीमंतांनी कोलव्याला स्वतःचे बंगले बांधले, पण बहुतेकांची सोय भाड्याच्या घरातच होई. पुढच्या साऱ्या व्यवहाराचा साचा इथे तयार झाला: मालक त्याच आवारात राहणार, भाडे हंगामापुरते आणि स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा.

हिंदू कुटुंबांची रीत वेगळी होती. त्यांची पावले किनाऱ्यापेक्षा फोंड्याकडे वळत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या तालुक्यांतून हलवलेली मंगेशीचा मंगेश, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा ही दैवते तिथे वसली आणि त्यांच्या आवारात कुळाव्यांसाठी, म्हणजे त्या दैवतांच्या कुळांतल्या भक्तांसाठी, अग्रशाळा उभ्या राहिल्या. मुंबई, बेळगाव, कारवारकडून लग्नानंतर कुलदेवतेच्या दर्शनाला आलेली जोडपी अल्प शुल्कात तिथे उतरत. मुक्काम दोन-चार दिवसांचा असे. कितीतरी मराठी घरांतल्या मागच्या पिढ्यांनी गोवा प्रथम पाहिला तो अग्रशाळेच्या ओसरीवरून, समुद्र नंतर. उलट दिशेचा स्वस्त मुक्कामही होता. नोकरीसाठी मुंबईला गेलेले गोंयकार धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कूड’ या सामाईक निवासात राहत आणि बोटीवर काम मिळेपर्यंत तिथेच पथारी टाकत.

१९५५ नंतर भारताने घातलेल्या आर्थिक नाकेबंदीमुळे गोव्याचे येणे-जाणे जवळपास तुटले होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि वाट मोकळी झाली. मुंबईहून पणजीला जाणाऱ्या बोटीच्या डेकचे तिकीट हा पुढची अनेक वर्षे गोव्याला जाण्याचा लोकप्रिय स्वस्त मार्ग राहिला. सत्तरच्या दशकातल्या ‘कोकण शक्ती’ आणि ‘कोकण सेवक’ या बोटी कोकणातल्या माणसांना आजही आठवतात. सकाळी मुंबई सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीचे मुख दिसे. पावसाळ्यात सेवा बंद असे, त्यामुळे हंगामाचे कुलूपही आपोआप लागे.

याच डेकवरून १९६५ नंतर पाश्चात्त्य तरुण येऊ लागले. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली असा खुष्कीचा रस्ता संपवून थंडीचे महिने गोव्यात काढायचे आणि उन्हाळा लागला की नेपाळ किंवा कुलू-मनालीकडे सरकायचे, असा त्यांचा क्रम होता. आरंभीच्या मंडळींत यर्टवर्ड मझमानियन हा आर्मेनियन वंशाचा अमेरिकन होता. ‘एट फिंगर एडी’ या नावाने तो ओळखला जाई. आल्यागेल्याला जेवू घालणारा हा माणूस २०१० मध्ये गोव्यातच वारला. टोनी आणि मॉरीन व्हीलर या नवविवाहित जोडप्याने १९७२ मध्ये लंडनहून आशिया ओलांडून ऑस्ट्रेलिया गाठली आणि पुढच्याच वर्षी कमी पैशांत आशिया कसा पाहावा याची छोटी पुस्तिका काढली. ‘लोनली प्लॅनेट’ प्रकाशन त्यातून उभे राहिले. भारतावरचे त्यांचे मार्गदर्शक पुस्तक १९८१ मध्ये आले आणि तोंडी चालणारी माहिती छापील झाली.

इतकी घरे भाड्याला मिळत कशी, हा खरा प्रश्न आहे. किनारपट्टीच्या गावांतले अनेक पुरुष तारवटी होते, म्हणजे जहाजांवर नोकरीला होते. तेलाच्या पैशाने आखाती देश वर आले तेव्हा आणखी माणसे तिकडे गेली. घरे रिकामी किंवा अर्धी रिकामी राहिली. त्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेला वारसा कायदा. मुलगा-मुलगी दोघांनाही हक्क आणि घर विकायचे तर पती-पत्नी दोघांची संमती. लिस्बन, नैरोबी, मुंबई अशा ठिकाणी पांगलेल्या वारसांच्या सह्या जमवणे अवघड, म्हणून घर विकले जात नसे. भाड्याने देणे सोपे होते. मात्र १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर राहणाऱ्या मुंडकारालाही दिले. स्थानिक भाडेकरू कायमचा बसेल, ही मालकाची धास्ती त्यामुळे वाढली. परदेशी माणूस व्हिसा संपला की निघून जाणारच! त्याला घर देणे कायद्याच्या दृष्टीनेही निर्धोक वाटत असे. स्वस्त भाड्याचे श्रेय गोंयकाराच्या आतिथ्याला देण्याची सवय आहे, पण या कायद्यांचा वाटा आतिथ्याहून कमी नव्हता.

कळंगुट आणि बागा गजबजू लागल्यावर मंडळी उत्तरेला हणजूण आणि वागातोरला सरकली. तिथल्या घरांत वीज नव्हती, पाणी विहिरीचे होते आणि शौचकूप डुकरांच्या भरवशावर चाले. त्याचे वर्णन त्या काळच्या अनेक प्रवाशांच्या आठवणींत सापडते. सकाळी सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला, उंडे आणि पोळी आणी, दुपारी शीत-कडी मालकिणीच्या चुलीवरून येई. झाडलोट, कपडे धुणे, जेवण हे सारे घरातल्या बाईच्या अंगावर पडे, पण भाड्याचे रोख पैसेही तिच्याच हातात येत. नवरा जहाजावर असताना हे उत्पन्न तिचे स्वतःचे असे. पर्यटनावर लिहिणारे हॉटेलांच्या खाटा मोजतात, या बाईचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

पैसे संपले की मुक्काम लांबवायचा कसा, याचे उत्तर म्हणजे हणजूणचा बुधवारचा बाजार. सत्तरच्या दशकाच्या मध्याला तो भरू लागला. घरी परतण्यापूर्वी किंवा आणखी महिनाभर राहता यावे म्हणून कॅमेरे, जीन्स, टेपरेकॉर्डर, तंबू असे जवळचे सामान विकायचे ते ठिकाण होते. पुढे राजस्थानी, काश्मिरी आणि कर्नाटकातल्या लमाणी विक्रेत्यांनी तो ताब्यात घेतला. क्लिओ ओड्झर या अमेरिकन बाईने सत्तरच्या दशकातल्या हणजूणबद्दल १९९५ मध्ये पुस्तक लिहिले. त्यातून अमली पदार्थांचा व्यापार हाही या लांबलेल्या मुक्कामांचा एक आर्थिक आधार होता, हे उघड होते. ती बाजू झाकून या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

१९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि खुष्कीचा रस्ता बंद पडला. गोव्याचे नशीब विमानावर गेले. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल परिषदेला आलेले राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी आग्वादच्या हॉटेलात उतरले आणि गोव्याचे नाव जगभर झाले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून युरोपातून चार्टर विमाने येऊ लागली. दोन आठवड्यांचे ठरलेले पॅकेज घेऊन येणारा पाहुणा आणि दोन महिने राहणारा बिऱ्हाडकरू यांच्यात तेव्हापासून स्पष्ट फरक पडला. मोठ्या हॉटेलांना पहिला हवा होता. गावाला दुसरा परवडत होता, कारण त्याचा पैसा विहीर, दुकान, पोदेर आणि मोटारसायकलवाला पायलट यांच्यात फिरत असे. १९८७ मध्ये ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेने चार्टर पर्यटनाविरुद्ध निदर्शने केली. तिचा रोख मुख्यतः तारांकित हॉटेलांवर होता.

किनाऱ्यावरच्या कुटुंबांना खोल्या भाड्याने देण्याकडे ढकलणारे आणखी एक कारण समुद्रातच होते. यांत्रिक ट्रॉलर आले आणि रांपण ओढणाऱ्यांच्या जाळ्यात मासळी उरेना. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मातानी साल्ढाणा यांच्या पुढाकाराने रांपणकारांनी मोठे आंदोलन केले आणि १९८० मध्ये गोव्यात सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. मासळीची जुनी बरकत मात्र परतली नाही. होडीच्या मांगरात खाटा पडल्या, पडवीला दारे बसली.

इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या आत बांधकाम होऊ देऊ नये असे कळवले. १९९१ च्या फेब्रुवारीत किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. मोठ्या इमारतींना त्यामुळे चाप बसला आणि हंगाम संपताच उतरवून ठेवता येतील अशा बांबूच्या झोपड्यांना वाव मिळाला. काणकोणातले पाळोळे नव्वदच्या दशकात याच झोपड्यांवर वाढले. उत्तरेला पेडणे तालुक्यात मांद्रे आणि हरमल पुढे आले. शिवोलीची फेरीबोट ओलांडून तिथे जावे लागे, तोवर ही गावे स्वस्त राहिली. पेडणे हा नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा जिंकलेल्या भागातला, बहुसंख्य हिंदू आणि मराठी वाचणारा मुलूख. इथल्या बिऱ्हाडकरूच्या खोलीसमोर तुळशीवृंदावन असते आणि चतुर्थी आटोपल्याशिवाय खोल्यांच्या रंगरंगोटीला हात लागत नाही.

दीर्घ मुक्कामाला मोठा धक्का बसला तो दिल्लीतून. सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसावर राहायचे, श्रीलंकेत किंवा नेपाळात जाऊन नवा शिक्का मारून आणायचा आणि परत यायचे, असे अनेक परदेशी जोडप्यांचे वर्षानुवर्षे चाले. २००९ च्या अखेरीस सरकारने दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे केले. २०१२ च्या शेवटी ही अट बऱ्याच अंशी शिथिल झाली, पण घडी विस्कटली ती विस्कटलीच. त्याच काळात मोरजी परिसरात रशियन पाहुण्यांची वस्ती वाढली आणि परदेशी लोकांनी जमिनी घेतल्याच्या तक्रारी गाजल्या. परकीय चलन कायद्यानुसार पर्यटक व्हिसावरच्या परदेशी माणसाला भारतात घर विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा मात्र करता येतो. खोलीमालकालाही परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते. शेणाने सारवलेल्या पडवीतल्या व्यवहाराला अशी सरकारी वही चिकटली.

गोव्याबाहेरची भारतीय जोडपी या व्यवहारात उशिरा आली. मराठी मध्यमवर्गाचा गोवा बराच काळ चार दिवसांचाच होता: मंगेशी, जुना गोवा, दोनापावला आणि परत. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि अंतरे आटली. जबलपूरहून कोईमतूरला जाणारी साप्ताहिक गाडी याच मार्गाने मडगावला येते, म्हणजे जबलपूरच्या निवृत्त जोडप्यालाही गाडी न बदलता समुद्र गाठता येतो. शेजारच्या सिंधुदुर्गाला १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर केले गेले. पर्यटन महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेने मालवण, तारकर्ली, वेंगुर्ल्यात घरगुती राहण्या-जेवणाची सोय वाढवली. मालकाच्याच घरात खोली हे तिथले गणित गोव्याच्या जुन्या मुदांसशी जास्त जुळते, आजच्या गोव्याशी कमी.

२०१९ मध्ये गोव्यात सुमारे ८० लाख पर्यटक आले, त्यांत परदेशी ९ लाखांहून थोडे अधिक होते. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. अडकलेल्या परदेशी लोकांना त्यांच्या सरकारांनी विशेष विमानांनी नेले. त्यांच्या रिकाम्या खोल्यांत घरून काम करणारी मुंबई, पुणे, बंगळुरूची तरुण जोडपी आली आणि महिन्याच्या भाड्याचा बाजार पुन्हा उभा राहिला, पण वेगळ्या दराने. आता वायफाय आणि इन्व्हर्टर विचारला जातो, विहीर नाही. जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळावरून विमाने उडू लागली आणि पेडण्याच्या जमिनीचे भाव आणखी चढले. रात्रीच्या दराने घर देणारी संकेतस्थळे आल्यावर मालकाला महिन्याची बोली तोट्याची वाटू लागली. कित्येक घरे दिल्ली-मुंबईच्या गुंतवणूकदारांकडे गेली आणि चावी व्यवस्थापकाच्या हाती आली. मालक त्याच आवारात राहणार, ही मुदांसपासूनची मूळ अट इथे तुटली. भाडे वाढण्याचे एक मोठे कारण तेच आहे. केवळ परदेशी पाहुणे किंवा महागाई यांच्यावर त्याचे खापर फोडणे चुकीचे ठरेल.

हरमल, आगोंद, पाळोळे या भागांत मालक मागच्या अंगाला राहतो अशी घरे अजून आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे महिन्याच्या बोलीने खोली मिळते. मात्र नाताळ ते नववर्षाचे दिवस मालक त्या बोलीतून आधीच वगळून ठेवतात.