काशीच्या मित्या व पुण्याचें पंचांग

काशींत लिहिलेल्या पोथ्या महाराष्ट्रांतील संग्रहांत वारंवार आढळतात. तेथें स्थायिक झालेल्या दाक्षिणात्य पंडितांचा परिवारच तेवढा मोठा होता. निर्णयसिंधुकार कमलाकरभट्ट व गागाभट्ट हे त्यांतलेच. या पोथ्यांच्या अंतीं दिलेली मिती आपल्याकडील रीतीनें वाचण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस सदोष वाटतो.

पुण्याचे रेखांश ७३ अंश ५१ कला, काशीचे सुमारें ८३ अंश. सहा अंशांस एक घटी या हिशेबानें देशांतर दीड घटीचें, म्हणजे सुमारें ३७ मिनिटांचें होतें. पण एवढ्यानें भागत नाहीं. काशी पुण्याच्या उत्तरेस जवळजवळ सात अंश असल्यामुळें चरही निराळें पडतें. ज्येष्ठ-आषाढांत काशीस सूर्य सुमारें ५० मिनिटें आधीं उगवतो, तर मार्गशीर्ष-पौषांत २२-२३ मिनिटेंच. घटिकापात्र सूर्योदयाबरोबर पाण्यावर सोडीत. अर्थात् दोन्ही गांवच्या घटी कधींच जुळत नसत.

शिवछत्रपतींच्या राज्यारोहणाचेंच उदाहरण घ्यावें. जेधे शकावली शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार देऊन तीन घटिका रात्र उरल्याचें नमूद करते. इंग्रजी गणनेनें (जुनी पद्धति) ही ६ जून १६७४, शनिवारची पहांट. आपला वार सूर्योदयापर्यंत चालतो म्हणून शुक्रवार. गागाभट्ट ज्या काशीहून आले, तेथें त्या क्षणीं एक घटिकाही रात्र उरलेली नसेल.

तिथींतही हेंच. दशमी पुण्याच्या सूर्योदयापूर्वी अर्धी घटी संपली, तर पुण्यास तो दिवस एकादशीचा. काशीस मात्र सूर्य उगवला तेव्हां दशमी होती, म्हणून लेखक दशमीच लिहील. शिवाय आपल्याकडे गणेश दैवज्ञांचें ग्रहलाघव (शके १४४२), तिकडे मकरंदाची सारणी. त्यामुळें तिथ्यंतांतही फरक पडे.

तथापि खरा घोटाळा महिन्याचा आहे. आपला मास अमान्त, काशीचा पूर्णिमान्त. शुद्ध पक्ष दोहोंकडे एकाच नांवाचा, पण आपला माघ वद्य म्हणजे तेथील फाल्गुन कृष्ण. संवत्सर मात्र काशीसही चैत्र शुद्ध प्रतिपदेस पालटतो, म्हणून तेथील चैत्र कृष्ण पक्ष सरत्या वर्षाच्या शेवटीं येतो. समजा, पोथींत 'संवत् १७५० चैत्र कृष्ण ५' आहे. आपल्या रीतीनें वाचल्यास इ. स. १६९३ चा वसंत येतो, काशीच्या रीतीनें १६९४ चा. सुमारें अकरा महिन्यांची ही चूक कर्त्यांचें पौर्वापर्य उलटें करण्यास पुरेशी आहे.

बरें, लेखक काशीवासी असला तरी महाराष्ट्रीय; तो कोणती रीत धरी? शक लिहिला असेल तर अमान्ताचा, संवत् असेल तर पूर्णिमान्ताचा संभव अधिक, परंतु हा नियम नव्हे. निर्णय वारानें करावा. वार दोन्ही गांवीं एकच असतो, आणि बहुधा एकाच रीतीशीं जुळतो. १९०६ पासून सर्व देशास लागू केलेली घड्याळी वेळ ८२॥ रेखांशाची, म्हणजे जवळजवळ काशीचीच आहे. मुंबईनें आपली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं! जुन्या घटींचे तास करतांना ही वेळ मध्यें आणूं नये, स्थानिक सूर्योदयच धरावा. ज्या पोथीस वार नाहीं, तिच्यापुढें सूचींत दोन्ही इसवी तारखा लिहाव्या.